ट्राइबची स्वतःची लैंगिक गुन्हेगार नोंदणी: सुरुवात कुठून करायची?

रानजाई

विषय जरा आडवळणाचा आहे, पण अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांत आणि सरकारी खात्यांत काम करणारी बरीच मंडळी इथे लिहितात, म्हणून धागा काढते आहे.

मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात असते. आधी काउंटीच्या (इथला जिल्हा) आरोग्य खात्यात ग्रँटची कामं करायचे, आता एका नेटिव्ह अमेरिकन ट्राइबच्या पोलीस खात्यात तेच करते. ट्राइबचं नाव लिहीत नाही. वस्ती इतकी लहान आहे की नाव घेतलं तर माणसंही ओळखू येतील. सध्या माझ्या गळ्यात पडलेलं काम म्हणजे लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा ट्राइबचा स्वतःचा कार्यक्रम पुन्हा उभा करणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ साली अॅडम वॉल्श कायदा झाला. त्यातल्या नोंदणीच्या भागाला इथे सगळे सॉर्ना म्हणतात. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांपैकी कुणाची नोंद करायची, किती वर्षं ठेवायची, कितीदा हजेरी घ्यायची, लोकांना काय दाखवायचं, याचे किमान नियम त्यात आहेत. राज्यांच्या बरोबरीने पात्र ट्राइब्जनाही त्यात स्वतंत्र जागा दिली. अट एवढीच की वर्षभरात, म्हणजे २७ जुलै २००७ पर्यंत, ट्राइबच्या कौन्सिलने (कारभार बघणाऱ्या मंडळाने) ठराव करून सांगायचं: आम्ही करतो, किंवा राज्याकडे सोपवतो.

आमच्या कौन्सिलने तेव्हा 'आम्ही करतो' असा ठराव केला. एक पोलीस अधिकारी बाकीची कामं सांभाळून नोंदणी बघायचा. तो निवृत्त झाला आणि गाडी तिथेच थांबली. आता हाताशी काय आहे, तर फाइलींनी भरलेलं एक स्टीलचं कपाट, जिचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही अशी एक एक्सेल शीट, आणि कौन्सिलने रीतसर मंजूर केलेला नोंदणीचा कायदा. त्यात 'येथे ट्राइबचे नाव लिहावे' ही मॉडेल कोडमधली, म्हणजे ट्राइब्जनी वापरायच्या नमुना कायद्यातली ओळ दोन ठिकाणी जशीच्या तशी आहे!

कौन्सिलमध्ये आता बरेच नवे चेहरे आहेत. एका ज्येष्ठ सदस्याबाईंनी मागच्या बैठकीत विचारलं, "राज्य हे काम करतंच आहे, मग आपण हा खर्च आणि ताप का घ्यायचा?" मला पटकन नीट उत्तर देता आलं नाही. दुसरे एक सदस्य म्हणतात की चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की झालं. शेजारच्या काउंटीचे लोक म्हणतात, तुमच्याकडच्यांची नावं आमच्या यादीत आहेतच. त्यात रिझर्व्हेशनवर, म्हणजे ट्राइबच्या राखीव भूमीवर, ट्राइबचे नसलेले लोकही राहतात आणि कॅसिनोत कामाला येतात. त्यांचं काय करायचं?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. वेबसाइटवरची मार्गदर्शक पत्रकं वाचून झाली आहेत. पत्रकात नसतं ते हवंय.

दप्तरदार

रानजाई ताई, अॅरिझोनात एका ट्राइबच्या नोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. त्याआधी काउंटी जेलमध्ये बुकिंगला, म्हणजे आणलेल्या माणसांची नोंद करण्याच्या कामाला, होतो, त्यामुळे दोन्ही घरचं मीठ खाल्लंय.

पहिलं म्हणजे सॉफ्टवेअरवाल्या सदस्यांना सांगा, ते फुकट मिळतं. न्याय खात्यात स्मार्ट ऑफिस नावाचं कार्यालय आहे, ते याच कायद्याने निर्माण झालं. ट्राइब्जना आणि टेरिटरींना ते टीटीसॉर्स नावाची तयार प्रणाली विनामूल्य देतं. आतलं रजिस्टर आणि लोकांना दिसणारी वेबसाइट असं दोन्ही त्यात येतं, आणि ती वेबसाइट देशभरच्या याद्या एकत्र दाखवणाऱ्या ड्रू शोडीन राष्ट्रीय संकेतस्थळाला जोडली जाते. कुणी विक्रेता चकाचक सादरीकरण घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा.

पैसा लागतो तो माणसाला. 'बाकीची कामं सांभाळून' हा प्रकार बंद करा. नोंदणी म्हणजे महिन्यातून एकदा करायचं कारकुनी काम, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात टियर ३ चा (टियर म्हणजे गुन्ह्यावरून ठरणारी श्रेणी, ३ सगळ्यात गंभीर) माणूस दर तीन महिन्यांनी समोर येतो, टियर २ चा सहा महिन्यांनी, टियर १ चा वर्षातून एकदा. नोंद अनुक्रमे आजन्म, २५ वर्षं आणि १५ वर्षं राहते. मधल्या काळात पत्ता, नोकरी, शाळा बदलली तर तीन कामाच्या दिवसांत त्याने स्वतः येऊन सांगायचं, आणि तुम्ही ते लगेच पुढे सगळीकडे कळवायचं. कळवणारा रजेवर गेला की साखळी तुटली. म्हणून एक पूर्णवेळ आणि एक बदली माणूस तयार ठेवा, मग तो डिस्पॅचमधला, म्हणजे पोलिसांचे फोन घेणारा, का असेना.

आता पत्त्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त डोकेफोड तिथे आहे आणि कुठल्याच पत्रकात ती धड लिहिलेली नाही. फॉर्मवर घर क्रमांक, रस्ता, शहर असे रकाने असतात. आमच्याकडचा माणूस सांगणार, 'पाण्याच्या टाकीपासून कच्च्या रस्त्याने आत, दुसरं गुरांचं फाटक ओलांडलं की निळ्या छपराचा ट्रेलर, मावशीचा.' खोटं काहीच नाही, तो खरंच तिथे राहतो. पण रकान्यात बसत नाही म्हणून आमच्या आधीच्या माणसाने सरसकट पोस्ट बॉक्सचे नंबर टाकून ठेवले होते. लोकांच्या वेबसाइटवर अंतरावरून शोध घेता यावा लागतो, तशी कायद्याचीच अपेक्षा आहे. तो शोध पोस्ट बॉक्सला पोस्ट ऑफिसचं ठिकाण समजायचा. नकाशावर अख्ख्या रिझर्व्हेशनचे गुन्हेगार पोस्टाच्या इमारतीत एकत्र नांदताना दिसत होते, शाळेच्या बरोबर समोर! पालकांचे फोन सुरू झाले, आणि तिकडे निळ्या छपराच्या शेजारी राहणाऱ्या बाईला मात्र काहीच दिसत नव्हतं.

यावर उपाय म्हणजे गाडी काढायची, त्या घरापर्यंत जायचं, जीपीएसचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, घराचा आणि वळणाचा फोटो काढायचा आणि वर्णन त्याच्याच शब्दांत फाइलीला लावायचं. ९११ या आपत्कालीन नंबरसाठी ट्राइबने ग्रामीण पत्ते दिले असतील तर त्या खात्याशी मैत्री करा, त्यांच्याकडे अर्धं काम तयार असतं. आणि 'कुठे राहतोस' एवढ्यावर थांबू नका. 'रात्री कुठे कुठे झोपतोस' असं विचारा. एक माणूस आठवड्यातले काही दिवस बहिणीकडे, काही आईकडे आणि शिकारीच्या दिवसांत तिसरीकडेच असणं आमच्याकडे अगदी सर्रास होतं. एकच पत्ता लिहून घेतलात तर तीनदा सापडणार नाही.

बोटांचे ठसे, तळहाताचे ठसे, डीएनए, फोटो हे सगळं लागतं. ठसे कुठे घेणार ते आधी ठरवा. २०१५ मध्ये न्याय खात्याने ट्रायबल अॅक्सेस प्रोग्रॅम सुरू केला, टॅप म्हणतात. त्यात निवड झाली तर ठसे घेण्याचं यंत्र, कॅमेरा आणि एफबीआयच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये स्वतः नोंद टाकण्याची सोय थेट ट्राइबच्या हातात येते. त्यासाठी अर्ज कराच. ते होईपर्यंत काउंटी जेलच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथे तुमच्या माणसाचा नंबर नेहमी शेवटी लागतो. मी त्याच जेलच्या आतल्या बाजूला बसायचो, त्यामुळे तो नंबर शेवटी का लागतो तेही सांगतो: बुकिंगच्या कामात नोंदणीवाल्याला वेळ द्या असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. लेखी करार केलात आणि त्यात वार व वेळ घातलीत की तेच लोक तेच काम हसत करतात. (सरपण फोडणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या माणसांचे ठसे यंत्र परत परत नाकारतं. टेबलावर ओला टिश्यू आणि लोशनची बाटली ठेवा.)

वेबसाइटवर नाव झळकलं म्हणजे एफबीआयच्या फाइलमध्येही गेलं असं धरून चालू नका. रात्री दोन वाजता हायवेवर गाडी अडवणारा शिपाई वेबसाइट बघत नाही, तो राष्ट्रीय डेटाबेस बघतो. प्रत्येक नावासाठी दोन्हीकडे वेगळी खूण करा.

उंटावरचा_शहाणा

दप्तरदारांचा अनुभव दांडगा आहे, पण मूळ प्रश्नालाच हात घालतो. या याद्यांनी गुन्हे कमी होतात का? मुलांवरचे बहुतेक लैंगिक अत्याचार ओळखीची माणसं करतात. अनोळखी राक्षसाची भीती दाखवून केलेला हा कायदा आहे. लहान वस्तीत तर कोण काय आहे हे सगळ्यांना माहीतच असतं. मग तेच वेबसाइटवर टाकून काय साधणार? उलट त्या माणसाला नोकरी मिळणार नाही, घर मिळणार नाही.

पाऊलवाट

शहाणे, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझी नोकरी आहे. मी न्यू मेक्सिकोत पीडितांसाठी काम करते. त्यात नेटिव्ह स्त्रिया आणि मुलं बरीच असतात.

'सगळ्यांना माहीतच असतं' हे बाहेरच्यांना वाटतं. एका घराला माहीत असतं, आणि ते घर गप्प बसतं. शिक्षा बऱ्याचदा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात, दूरच्या शहरात होते. १८८५ च्या मेजर क्राइम्स कायद्यापासून रिझर्व्हेशनवरचे गंभीर गुन्हे फेडरल सरकार चालवतं. माणूस काही वर्षं दिसेनासा होतो, परत येतो तेव्हा वस्तीत नवी लग्नं झालेली असतात, नवी मुलं असतात. नव्या सुनेला कुणी काही सांगत नाही. मला फोन येतात ते अशा सुनांचे.

लहान वस्तीत दुसरी बाजू मात्र फार जपावी लागते, आणि रानजाई, हे तुमच्या कार्यपद्धतीच्या वहीत पहिल्या पानावर हवं. पीडितेची ओळख वेबसाइटवर येता कामा नये, हे कायदा सांगतोच. पण ओळख फक्त नावाने पटत नाही. गुन्हेगाराचं नाव, गुन्ह्याचं वर्ष आणि 'कुटुंबातील अल्पवयीन सदस्य' असे शब्द एकत्र आले की पाचशे माणसांच्या वस्तीत ती मुलगी कोण हे प्रत्येकाला कळतं. एका ठिकाणी निकालपत्रातला परिच्छेद कुणीतरी कष्ट वाचवायला तसाच वेबसाइटवर चिकटवला होता. ती मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये होती. गुन्ह्याचं कलम आणि त्याचं अधिकृत शीर्षक, बस. वर्णनाच्या रकान्याला कुणाला हातच लावू देऊ नका.

आणि वेबसाइट सुरू करण्याआधी, किंवा एखादं नवं नाव टाकण्याआधी, त्या गुन्ह्यातल्या पीडितेला फोन करा. वेबसाइटवर अचानक त्याचा चेहरा बघणं आणि 'उद्या सकाळी दिसेल' असं आधी ऐकणं यात फार फरक पडतो. हे कायद्यात नाही. ट्राइबच्या नियमात घालता येतं, आणि स्वतःची नोंदणी असण्याचा फायदा मला तरी तिथेच दिसतो. राज्याच्या यादीतून असा फोन कोण करणार?

घराबद्दल शहाण्यांशी सहमत. सॉर्नामध्ये शाळेपासून अमुक फुटांच्या आत राहू नये वगैरे काहीही नाही. तसं बंधन लोक वरून घालतात. तुमच्या कौन्सिलमध्ये कुणीतरी ते सुचवणार, लिहून ठेवा. ट्राइबची घरं एकाच वसाहतीत असतात, शाळा त्याच वसाहतीत असते. तिथे हजार फुटांचं वर्तुळ काढलं की राहायला फक्त गाडी उरते, आणि गाडीत राहणारा माणूस दप्तरदारांना कुठल्या जीपीएसने सापडणार?

रानजाई

पाऊलवाट, वर्णनाच्या रकान्याचं लगेच तपासलं. आमची वेबसाइट सध्या बंदच आहे, पण कपाटातल्या छापील पानांवर दोन ठिकाणी अगदी तसंच लिहिलंय. ती पानं बाजूला काढली.

दप्तरदार, इथे आणखी एक घोळ दिसतोय. वॉशिंग्टन राज्य लेव्हल १, २, ३ देतं आणि आमच्या कायद्यात टियर १, २, ३ आहे. काउंटीच्या फाइलीत लेव्हल १ असलेला एक माणूस आमच्या तक्त्याप्रमाणे टियर ३ येतो. चूक कुणाची?

आणि ज्येष्ठ बाईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. पुढच्या बैठकीला त्या पुन्हा विचारणार, मी ओळखते त्यांना.

दप्तरदार

चूक कुणाचीच नाही. राज्याची लेव्हल म्हणजे हा माणूस पुन्हा तसं करण्याची शक्यता किती, याचा अंदाज. सॉर्नाचा टियर म्हणजे कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली, एवढंच. म्हणून फाइलीवर दोन्ही लिहा आणि एकावरून दुसरं कधी काढू नका. काउंटीच्या करारातही एक वाक्य घाला की हजेरीची वारंवारता ट्राइब आपल्या टियरप्रमाणे ठरवेल. नाहीतर तो माणूस तुम्हाला सांगणार, 'शेरीफने मला वर्षातून एकदा यायला सांगितलंय,' आणि शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, हिशोबाने ते खरंही असेल.

बाकी ठरावाचं वकिलांनी सांगावं. सातबारा, तुम्ही वाचताय का?

सातबारा

वाचतेय. इंडियन लॉ (इथे इंडियन म्हणजे नेटिव्ह अमेरिकन) हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा लांबेल.

बाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊ नका. कायद्याचं कलमच त्यांच्यापुढे ठेवा. ट्राइबने काम राज्याकडे सोपवलं, तर राज्याला ते करता यावं म्हणून आपल्या भूमीत प्रवेश आणि लागेल ते सहकार्य ट्राइबने द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे नोंदणीच्या निमित्ताने काउंटीचे शेरीफ रिझर्व्हेशनवर दार ठोठावू शकतात, आणि ते कौन्सिलच्या संमतीने घडतंय असं धरलं जातं. ज्या पिढीने राज्य पोलिसांशी हद्दीवरून भांडणं काढली आहेत, तिला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

हा रस्ता एकेरी आहे, हेही सांगा. ठराव मागे घेऊन कधीही राज्याकडे सोपवता येतं, पण परत घेता येत नाही, कारण निवडीची मुदत २००७ मध्येच संपली. सहा राज्यांतल्या बहुतेक ट्राइब्जना तर निवडच मिळाली नाही. १९५३ च्या पब्लिक लॉ २८० ने जिथे राज्याला सक्तीने फौजदारी अधिकार दिले, तिथे नोंदणीही आपोआप राज्याकडे गेली. ओरेगॉन त्यातलंच एक. तरीही तिथल्या युमाटिला रिझर्व्हेशनच्या संघटित ट्राइब्जना निवड करता आली, कारण त्यांच्यावरचा हा अधिकार राज्याने १९८१ मध्ये परत केला होता. आणि त्यांनी काय केलं? सप्टेंबर २००९ मध्ये सॉर्नाची पुरेशी अंमलबजावणी केल्याचं प्रमाणपत्र देशात सगळ्यात आधी दोघांना मिळालं: एक ओहायो राज्य आणि दुसरे हे. पेंडल्टनच्या शेजारची ती ट्राइब बाकीच्या ४९ राज्यांच्या आधी पोचली. तुमच्यापासून ती लांब नाही, बाईंना बरोबर घेऊन भेट द्या. आज शंभराहून अधिक ट्राइब्ज त्या रांगेत आहेत.

काम अर्धवट राहिलं तर काय होतं, हेही कौन्सिलला नीट कळलेलं नसतं. राज्य मागे राहिलं तर बर्न जॅग या फेडरल अनुदानातला दहा टक्के हिस्सा कापला जातो. ट्राइबचे पैसे कापत नाहीत. ट्राइब वाजवी वेळेत अंमलबजावणी करू शकत नाही असं अॅटर्नी जनरलने ठरवलं, तर अधिकारच राज्याकडे जातो. म्हणून रिकाम्या जागा असलेला तो कायदा आधी दुरुस्त करा.

दुरुस्त करताना एक लक्षात ठेवा. सगळं स्वतः केलंच पाहिजे असं नाही. जे काम राज्य पूर्णपणे करतंय ते ट्राइबने पुन्हा करायची सक्ती नाही, करार करून वाटून घेता येतं. ठसे काउंटीने घ्यावेत, हजेरी, वेबसाइट आणि पीडितेला फोन ट्राइबने, अशी वाटणी कितीतरी ठिकाणी चालते. निर्णय मात्र ट्राइबकडे राहतो. काउंटीच्या 'आमच्याकडे नावं आहेतच' या बोलण्याला भांडण्याऐवजी हेच उत्तर द्या: छान, तेवढं लेखी द्या.

आता ट्राइबचे नसलेले लोक. सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या ओलिफंट निकालापासून इंडियन नसलेल्यावर ट्राइब फौजदारी खटला चालवू शकत नाही. २०१३ आणि २०२२ च्या स्त्री-अत्याचारविरोधी कायद्यांनी त्यात काही अपवाद आणले. कौटुंबिक हिंसा, लैंगिक हिंसा, मुलांवरची हिंसा वगैरे त्यात आहे. नोंदणी न करणं त्यात नाही. मॉडेल कोड घेताना इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ते सरसकट 'तुरुंगवास' लिहितात, आणि पहिल्याच प्रकरणात समोरचा वकील ते कलम उडवून लावतो.

पण नोंदणी ही मुळात दिवाणी, नियामक गोष्ट आहे. रिझर्व्हेशनवर राहणारा, काम करणारा, शिकणारा कुणीही, मग तो कुठल्याही वंशाचा असो, ट्राइबकडे नोंद करायला बांधील आहे असं लिहा. नाही केली तर दिवाणी दंड, कॅसिनोचा कामाचा परवाना रद्द, आणि शेवटी रिझर्व्हेशनवरून बाहेर काढण्याचा आदेश. शिवाय इंडियन कंट्रीत, म्हणजे रिझर्व्हेशनसारख्या ट्रायबल भूमीत, शिरणाऱ्या, राहणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्याने जाणूनबुजून नोंदणी टाळली, तर तो फेडरल गुन्हा आहे, कमाल शिक्षा दहा वर्षं. तिथे वंश आडवा येत नाही. त्याला शोधायला यूएस मार्शल्सची (फरार माणसं शोधणारं फेडरल दल) मदत मिळते.

'जाणूनबुजून' हे मात्र सिद्ध करावं लागतं. फेडरल वकील सगळ्यात आधी एक कागद मागतो: तुझी कर्तव्यं तुला समजावून सांगितली, तू वाचलीस, ही तुझी सही. तो नसेल तर प्रकरण तिथेच आटोपतं. कपाटातल्या प्रत्येक फाइलीत हा कागद आहे का, हे रानजाईंनी उद्याच बघावं. नसेल तर पुढच्या हजेरीला घ्या, आणि जुनी तारीख घालू नका.

ट्रायबल कोर्टाच्या शिक्षांचंही सांगते. १९६८ च्या इंडियन सिव्हिल राइट्स कायद्याने ट्रायबल कोर्टाला शिक्षेची मर्यादा घातली होती, बराच काळ ती एक वर्ष होती. टियर २ आणि ३ साठी एक वर्षाहून जास्त शिक्षेचा गुन्हा लागतो. त्यामुळे गुन्हा कितीही भयंकर असला तरी ट्रायबल कोर्टातली शिक्षा साधारणपणे टियर १ मध्येच बसते. २०१० च्या कायद्याने बचावाचा वकील, कायदा शिकलेला न्यायाधीश वगैरे अटी पाळणाऱ्या कोर्टांना तीन वर्षांपर्यंतची मुभा दिली. तुमचं कोर्ट त्यात आहे का ते बघा. नसेल तरी घाबरू नका, सॉर्ना ही किमान पातळी आहे. ट्राइब आपल्या कायद्यात त्याच माणसाला दर तीन महिन्यांनी बोलावू शकते. फक्त टियरवर हरकत घ्यायची, ट्रायबल कोर्टात दाद मागायची सोय त्याच कायद्यात ठेवा. ती नसलेला कायदा मी तरी सहीला पाठवणार नाही.

उंटावरचा_शहाणा

बाहेर काढण्याचा आदेश म्हणजे तो माणूस पुढच्या गावात जाणार. तुमची यादी स्वच्छ, त्यांची डोकेदुखी.

सातबारा

म्हणूनच तो शेवटचा उपाय. आणि काढलात तर तो कुठे चाललाय हे त्या अधिकारक्षेत्राला कळवणं तुमचंच काम आहे. न कळवता हाकलणं हा माझ्या मते नोंदणी न करण्याइतकाच वाईट प्रकार.

रानजाई

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कपाट उघडून बसले आहे. सहीचा कागद निम्म्याहून कमी फाइलींत आहे. बाईंना फोन केला. भूमीत प्रवेशाचं कलम वाचून दाखवलं, तर पलीकडून एवढंच आलं, "ते पान मला पाठव." पेंडल्टनला यायलाही तयार आहेत.

शेवटचा प्रश्न दप्तरदारांना. आमच्या लोकांचे नातेवाईक कॅनडाच्या बाजूलाही आहेत. समारंभ, मयती यासाठी माणसं सारखी पलीकडे जातात. परदेश प्रवासाची आगाऊ सूचना त्यांनाही लागू आहे का? त्यांच्या लेखी तो परदेशच नाही.

दप्तरदार

लागू आहे. माझ्याकडे हाच प्रश्न मेक्सिकोच्या सीमेवरून यायचा. टोहोनो ओओधम लोकांची भूमी सीमेने कापली गेली आहे आणि पलीकडेही त्यांचे लोक राहतात. २१ दिवस आधी कळवायचं: कुठे, कधी, कसा जाणार, कुठे उतरणार, परत कधी. ती माहिती तुम्ही मार्शल्सकडे पाठवायची.

हे दरवेळी नव्याने समजावण्यापेक्षा हजेरीच्या वेळीच विचारायची सवय लावा. 'पुढच्या तीन महिन्यांत पलीकडे कुठला समारंभ आहे?' समारंभांच्या तारखा लोकांना बऱ्याच आधी माहीत असतात, तिथल्या तिथे फॉर्म भरून टाकता येतो. मयत आधी कळवून येत नाही. तिथे कळल्याबरोबर फोन, मग तो रात्री का असेना, आणि फोन आल्याची वेळ फाइलीत लिहायची. म्हणून त्यांना तुमच्या टेबलावरचा नंबर देऊ नका, डिस्पॅचचा द्या. आणि पलीकडचे अधिकारी गुन्ह्याची नोंद बघून सीमेवरूनच परत पाठवू शकतात, हेही त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर तेही तुमच्याच नावावर खपेल.